जहाजावरची नवरी

त्या हंगामात आमच्या कापसाच्या जीनमध्ये चाळीस बायका-माणसांत पुस्तक वाचून दाखवणारा एकच होता, तो मी. मला वाचता येत नव्हतं.

आता येतं. केस पिकल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो. तिथल्या बाईंनी माझी पाटी पाहून दोनदा कपाळावर हात मारून घेतला, पण सोडलं नाही. म्हणून हे जसं बोलतो तसंच लिहितोय. शुद्ध पाहिजे असेल तर शुद्ध माणसाचं वाचा.

गोष्ट माझी कमी आणि आमच्या वहिनीची जास्त आहे. माझं वाचणं ऐकून वहिनी नवऱ्याचं घर सोडून चांदनी गावाला बापाकडे निघून गेली, असं अख्ख्या जातीनं ठरवलं. तिला परत नांदायला धाडायचं का मोकळं करायचं, यावर पंच बसले. मला पुस्तकासकट बोलावलं. ते सांगतो.

तापीकाठच्या आमच्या गावात आम्ही शनवारा मोहल्ल्यात राहायचो. घर काकूचं. आईबाप मी चालायला लागायच्या आत गेले, तर काकूनं मला वाढवलं, आणि वाढवलं हे रोज दोन वेळा जेवताना सांगितलं. घरात दोन खोल्या. एकीत काकू, एकीत दादा आणि वहिनी, बाहेर पडवीत मी. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. हात भक्कम, डोकं तापट. संध्याकाळी पाळीवरून आला की चहा थंड का, भाकर जाड का, तू दारात उभी का, काहीही निमित्त पुरायचं. वहिनीला मारायचा. पडवीची आणि त्या खोलीची भिंत एकच, तीपण कुडाची. सगळं ऐकू यायचं.

मी काय करायचो? खोकायचो. दोन-तीनदा जोरात खोकललं की दादा थांबायचा. मी स्वतःला मोठा शूर समजायला लागलो. पुढं दादाला माझ्या खोकल्याची सवय झाली आणि तो थांबेनासा झाला. काकू मात्र मला अडुळशाचा काढा द्यायला लागली. कडू जहर. मी तो गपचूप प्यायचो, कारण खोकला खरा नाही हे सांगायचं तर मग कशाला खोकतो तेही सांगावं लागलं असतं.

वहिनी आणि मी दोघं एकाच जीनमध्ये कामाला. ती रेच्यावर. रेचा म्हणजे कपाशीतून सरकी काढायचं यंत्र, त्याच्या तोंडात बायका ओंजळी-ओंजळीनं कपाशी टाकतात. मी रुईच्या धोकट्या, म्हणजे भरलेली पोती, उचलायचो. दिवसातून एकदा तरी मी धोकटीसकट पडायचो, म्हणून सगळे मला जोकर म्हणायचे. खरं नाव मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

त्याच साली राज्यांच्या वाटण्या झाल्या. आमची राजधानी नागपूर होती, एक दिवस सांगितलं की आता भोपाळ. नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. गावात नुसती धुसफूस. मराठी माणूस म्हणायचा, आम्हाला न विचारता इकडं टाकून दिलं. हिंदीवाला म्हणायचा, जायचं तर जा ना, गाडी रोज सुटते. जीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत यावरून शिव्या व्हायच्या, दोनदा डबे फेकाफेकी झाली. एकदा फेकलेली आमटी माझ्या डोक्यावर पडली. मी कोणत्या बाजूचा, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं, पण आमटी माझ्यावर पडली हे दोन्ही बाजूंना बरोबर वाटलं.

मुकादम वैतागला. म्हणाला, "एक दिवस इथं मुडदा पडंल. ए जोकर, तू आयता फालतू हायेस. सुट्टीत यांले काहीतरी ऐकव, म्हणजे तोंडं बंद राहतीन."

ऐकवायला माझ्याकडे होतं काय? फाटकासमोर भजीवाला बसायचा, त्याच्या रद्दीत मला एक पुस्तक दिसलं. वरचा पुठ्ठा आणि खालचा पुठ्ठा दोन्ही भज्यांबरोबर लोकांच्या घरी गेले होते, मधलं शाबूत होतं. पानापानावर चौकटी, चौकटीत चित्रं. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले, फुग्यांत अक्षरं. मोठं जहाज, काळा झेंडा, समुद्रावरचे डाकू, त्यांचा एक मिशीवाला कप्तान, आणि एक बाई. बाई कधी शालू नेसलेली, कधी पाटलोण घालून, डोक्याला फडकं बांधून, कमरेला तलवार लावून पोरगा बनलेली. डोळे तेच, मोठाले. डोळ्यांवरून मी ओळखलं. मी भजीवाल्याला म्हटलं, हे मला दे. तो म्हणाला, "घे, पन रोज इथं उभा राहून भजी तळताना माझ्या तोंडाकडं पाहतो ते बंद कर."

आता पुस्तक धरायचं कसं? देवळात पोथी पाहिली होती, पण तिची पानं सुटी, खालून वर उलटून ठेवतात. बांधलेलं पुस्तक मी आयुष्यात एकाच माणसाच्या हातात नीट पाहिलं होतं. आमच्या जीनचे इंजिनवाले चाचा. मोमीन माणूस. दुपारी भाकरी खाऊन हात धुवायचे, चष्मा लावायचे आणि उर्दू किताब उघडायचे. पुस्तकाची पाठ उजव्या हाताला, पान डावीकडून उचलून उजवीकडं टाकायचं. चाचा वाचतात म्हणजे वाचायची रीत हीच. मी त्यांच्याकडं पाहून पाहून हात बसवला. बोटाला थुंकीसुद्धा त्यांच्यासारखीच लावली.

तर दुसऱ्या दिवशी मी सरकीच्या ढिगावर चढून बसलो. ढीग सरकला, मी खाली आलो, लोक हसले, परत चढलो आणि पहिलं पान उघडलं. पहिल्याच पानावर लग्न. जहाजाच्या मधोमध कप्तान आणि नवरी, गळ्यात हार, भोवती डाकू टोप्या उडवतायत.

"लग्नापासून सुरू?" एक म्हातारी म्हणाली. "मंग पुढं काय राह्यलं सांगायले?"

"आजी, लग्नापासूनच सगळं सुरू होतं," मी म्हणालो. बायका हसल्या, पण वेगळं हसल्या.

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मीपण नव्हता. तापीला पूर येऊन राजघाटाच्या पायऱ्या बुडतात, तेवढा समुद्र, असं मी सांगितलं. एक जण म्हणाला, "बस एवढाच?" मी तो लगेच दुप्पट केला. शिडं म्हणजे काय, विचारलं तर म्हटलं, डाकू लोक धोतरं वाळत घालतात ती.

पुढच्या पानावर कप्तान तिला मिठी मारतोय. इथं जीनमधल्या बाप्यांनी शिट्ट्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या पानावर भांडण. तिचे मोकळे केस, कप्तानाचं तोंड वासलेलं, आणि तिनं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिलेली. मी म्हटलं, "झालं. लग्नाला दोन दिवस झाले नाही तर हा तिच्या अंगावर हात टाकायले लागला. तिनं उलटून दिली."

बायका डबे घेऊन पुढं सरकल्या.

मग पाटलोण आली. केस फडक्याखाली गेले. मी सांगितलं, तिनं ठरवलं की बाई होऊन इथं राहण्यात अर्थ नाही, म्हणून तिनं पोराचं सोंग घेतलं. कप्तान बिछान्यावर पडलेला, डोक्याला पट्टी. पट्टी कशाची? पुढच्या पानावर रक्त होतं, म्हणून म्हटलं, तिनं त्याचं डोकं फोडलं. खरं सांगायचं तर त्या चित्रात ती त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, आणि अशा नजरेनं पाहत होती की मलाच कसंतरी झालं. माझ्याकडे तसं कोणी पाहिलं नव्हतं, कपाळ मीपण पुष्कळदा फोडून घेतलं होतं. पण मी गोष्टीला चिकटून राहिलो. म्हटलं, "पाहा, आता नरडं दाबू का नको, असा विचार चाललाय."

"दाब म्हना!" म्हातारी ओरडली.

आठ दिवस हे चाललं. वादळ झालं, तलवारी झाल्या, पोरगा बनलेली नवरी डाकूच्या जहाजावरून दुसऱ्या जहाजावर गेली, तिथून बंदरावर उतरली. आठव्या दिवशीच्या चित्रात ती एका खोलीत आरशासमोर बसलेली, हातात कात्री. कात्री कशाला? मी चौकटीवर बोट ठेवून थोडा वेळ काढला. चाळीस जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटलं, "त्या कात्रीनं तिनं गळ्यातलं मंगळसूत्र कापून टाकलं." आणि शेवटच्या पानावर बापाचं घर. ती झोपाळ्यावर, केस लांब, अंगावर दागिने. बाप शेजारी, एक म्हातारा पाहुणा समोर पान खात बसलेला. मी म्हटलं, "हा तिचा मामा. खुशाली विचारायले आला. ती बापाच्या घरी सुखानं राहिली."

भोंगा झाला तरी बायका दोन मिनिटं उठल्या नाहीत. मुकादमानं लाथेनं डबा उडवला तेव्हा उठल्या. मी ढिगावरून पडलो तरी कोणी हसलं नाही, त्यावरून मला समजलं की गोष्ट मोठी झाली.

वहिनी या सगळ्यात होती का? होती. मागं, धोकट्यांच्या आडोशाला बसायची. घरी आम्ही या पुस्तकावर एक शब्द बोललो नव्हतो. दिराशी बोलायची रीत तेवढी नव्हती आमच्याकडे.

चार दिवसांनी सकाळी दादाला वहिनी घरात दिसली नाही. चुलीच्या ओट्यावर मंगळसूत्र ठेवलेलं होतं.

काकू आधी ओरडली आणि मग माझ्याकडं वळली. जीनमधल्या गोष्टी शनवाऱ्यात पोचायला चार दिवस लागत नाहीत. "कापलं ना मंगळसूत्र त्या जहाजावरच्या भवानीनं? अरे मेल्या, तुले पाजला-पोसला तो यासाठी? घरात बसून घर फोडलं तू!"

"काकू, मी तर फक्त वाचलं."

"वाचलं म्हणे! याले स्वतःचं धोतर नेसता येत नाही अन् हा वाचतो!"

दादानं कोपऱ्यातला दंडुका घेतला. मी पळालो ते थेट जीनमध्ये, आणि रुईच्या ढिगात शिरलो. दादा आला तेव्हा मी आतल्या आत शिंकलो. एक नाही, सात वेळा. दादानं मला कानाला धरून बाहेर ओढलं तेव्हा मी भुतासारखा पांढरा होतो, तर एक रेचेवाली किंचाळून पळाली. मार जेवढा मिळायचा तेवढा मिळाला. एकही माणूस मधे पडला नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी जीनच्या फाटकावर पाच-सहा बायकांचे नवरे येऊन उभे. एरवी यांच्यात नागपूर-भोपाळवरून मारामारी व्हायची, माझ्यासाठी सगळे एक झाले. "क्या रे, हमारी औरतों को क्या पट्टी पढ़ाता है?" एक म्हणाला. त्याच्या शेजारचा मराठीत तेच म्हणाला. मुकादमानं हात झटकले. "मी याले फक्त भांडण थांबव म्हटलं होतं," तो म्हणाला, "संसार थांबव असं म्हटलं नव्हतं."

पंच रविवारी सकाळी मारुतीच्या ओट्यावर बसले. वहिनीला तिचा बाप चांदनीहून पहिल्या गाडीनं घेऊन आला. बाप गरीब माणूस, दोन म्हशी पाळायचा, आल्यापासून खाली मान. वहिनी त्याच्या मागं. पंचांसमोर गवताची एक काडी ठेवली होती. आमच्यात नवरा-बायको वेगळे व्हायचे तर पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडायची. काडी मोडली की बाई मोकळी. नाही मोडली तर त्याच पावली परत नांदायला.

दादा म्हणाला, "काडीबिडी काही नाही. बायको घेऊन जायले आलो. अन् ज्यानं तिचं डोकं फिरवलं त्याले जातीबाहेर काढा."

थोरल्या पंचांनी मला पुढं बोलावलं. "तू जे वाचलं ते पुस्तकात लिहिलेलं हाय का तुझ्या पोटातलं?"

"लिहिलेलं हाय."

"बाईनं नवऱ्याचं डोकं फोडलं, गळ्यातलं कापलं अन् बापाकडे गेली. असं छापलंय?"

"छापलंय."

"वाचून दाखव."

मी तेव्हाच सांगू शकलो असतो की मला अक्षर येत नाही. मला शिव्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मी वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं, छापलेलं आहे म्हटल्यावर पंचांनाही मान द्यावा लागेल, आणि माझ्या वाचण्यानं हिची सुटका होईल. वर्षभर नुसता खोकत होतो, आज जरा मोठं काम करू. आणि खरं सांगतो, पन्नास माणसांसमोर वाचायला मिळतंय याचाही आनंद होता.

मी पुस्तक काढलं, पाठ उजव्या हाताला धरली, बोटाला थुंकी लावली आणि लग्न उघडलं.

पंचांपैकी एकाचा साडू धूलकोटचा मास्तर होता, पाहुणा म्हणून बसला होता. तो म्हणाला, "थांबा. हे तुम्ही कुठून उघडलं?"

"इकडून."

"इकडून का?"

"वाचतात तसं."

त्यानं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, फिरवलं, दुसऱ्या अंगानं उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. व्यापाऱ्याची मुलगी. बाप तिला एका म्हाताऱ्याला द्यायला निघालेला, तो म्हातारा म्हणजे पान खाणारा माझा मामा. ती कात्रीनं स्वतःचे केस कापते, पोराचे कपडे घालते, रात्रीतून जहाजावर चढते. ते जहाज डाकू लुटतात. कप्तान या पोराला हाताखाली ठेवतो, तलवार शिकवतो. कप्तान जखमी होतो, ती त्याची सेवा करते. मग फडकं सुटतं, केस मोकळे होतात, तो थक्क होतो, आणि शेवटी लग्न.

मास्तरनं पुस्तक मिटलं. "यांनी शेवटाकडून सुरुवात केली," तो म्हणाला. "वाचायला येत नाही यांना. एक अक्षर येत नाही."

ओट्यावर आधी एक जण फिसकन हसला, मग सगळे. पोट धरून हसले. आयुष्यभर मी लोकांना हसवायला पडलो-झडलो, एवढे कधी हसले नव्हते. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक वहिनी. दुसरा दादा, तो उठून उभा राहिला.

"ऐकलं सगळ्यांनी? पुस्तकातसुद्धा बाई बापाचं घर सोडते अन् नवऱ्याकडंच येते. छापलंय म्हणे. चाल ऊठ, घरी चाल."

आणि पंच माना हलवायला लागले. मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी पुस्तक आणलं, आणि त्या पुस्तकानंच तिला दंडुक्याच्या घरी परत धाडायची वेळ आणली.

थोरले पंच वहिनीला म्हणाले, "बाई, या येड्याची गोष्ट ऐकून गेली का तू?"

वहिनी पुढं आली. तिनं दंडावरचा पदर काढला आणि हात पंचांपुढं नाही, मास्तरपुढं धरला. चिमट्यानं भाजलेले डाग होते. जुने, नवे, एकाखाली एक.

"गोष्ट राहू द्या," ती म्हणाली. "मास्तर, तुमाले वाचता येतं ना? हे वाचा."

मास्तरनं चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही.

"हे कोनी केलं?" थोरल्यांनी विचारलं.

"माझी बायको हाय," दादा म्हणाला. नाही म्हटलं नाही.

दुसरे एक पंच म्हणाले, "घरोघरी असतंच थोडंफार. एवढ्यावरून काड्या मोडायच्या म्हटलं तर गवत पुरनार नाही. बाईनं नांदायचं असतं. त्यात तिले काय विचारायचं?"

"तेच म्हनते," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "नागपूर गेलं तवा तुमीच या ओट्यावर बसून बोंबलत होते ना काका, का आमाले कोनी विचारलं नाही म्हनून? महिनाभर बोंबलत होते. मले कोनी विचारलं होतं?"

ते पंच लाल झाले. "जिभेले हाड नाही हिच्या!" ते म्हणाले आणि थोरल्यांकडं पाहायला लागले.

थोरल्यांनी काडी उचलून दादापुढं केली. दादानं हात मागं घेतला. असं दोनदा झालं. वहिनीचा बाप तोंड फिरवून उभा होता. मला वाटलं, गेलं आता. घसा साफ करायला गेलो तर मागच्या माणसानं टाळक्यात टपली मारली, "तू तर गपच राह्य."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उठली. आता ही मला शिव्या देणार म्हणून मी डोकं खाली घातलं. ती दादाला म्हणाली, "मोड रे ती काडी."

"आई!"

"मोड म्हनते ना. रोज संध्याकाळी माझ्या घरात रडारड. मले घास गिळवत नाही. हिचं तोंड मले पाहायचं नाही. दुसरी आनू, हिच्याहून गोरी. मोड."

तिच्या मनात दया होती का, मला आजही सांगता येत नाही. चेहऱ्यावर तर नव्हती. पण आईचा शब्द चारचौघांत पडला म्हटल्यावर दादाला इलाज राहिला नाही. त्यानं काडी मोडली आणि तुकडे माझ्या तोंडावर फेकले.

माझं काय करायचं, यावर पंचांनी फार वेळ घालवला नाही. एक जण म्हणाला, जातीबाहेर काढा. थोरले म्हणाले, "याले वाचता येत नाही हे पन्नास मानसांले समजलं. आणखी किती बाहेर काढता?" आणि सगळे उठले.

काकूनं त्याच दुपारी माझं अंथरूण रस्त्यावर ठेवलं. अंथरुणावर वहिनीचा पितळी हंडा ठेवला, माहेराहून आणलेला. "दुसरी येनार हाय, मले जागा पाहिजे," ती म्हणाली. "हा तिचा तिले नेऊन दे. अन् तूबी तिकडंच मर."

सोमवारी जीनमध्ये मी आधी चाचांकडे गेलो. ते भाकरी खात होते. मी म्हटलं, "चाचा, आठ दिन मैं आपके सामने किताब उलटी पकड़ के बैठा था. हिंदी किताब उधर से खुलती है, आपको मालूम था ना? बोले क्यों नहीं?"

"मालूम था," चाचा म्हणाले. घास चावून संपवला. "मैं समझा मसखरी कर रहा है. तू सीधा काम करता कब है?"

मला राग आला. आठ दिवस एवढ्या मनापासून मी कधीच काही केलं नव्हतं. पण रागानं वळलो तर धोकटीला अडखळून पडलो, आणि चाचा म्हणाले, "देखा?"

पुढच्या सुट्टीला हंडा डोक्यावर घेऊन मी चांदनीच्या गाडीत बसलो. डब्यात गर्दी, बाक नाही. एका माणसानं हंड्यावरून भांडण काढलं, म्हणाला, भोपाळच्या राज्यात आता मराठी लोक भांडीसुद्धा गाडीनं फिरवायले लागले. मी त्याला जोरदार उत्तर द्यायला हात वर केला, तर हंडा खाली पडला. उत्तर राहूनच गेलं.

चांदनीला उतरून विचारत विचारत गेलो. वहिनी म्हशींना पाणी दाखवत होती. तिच्या बापानं मला लांबून पाहिलं आणि काठी घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला, बसा म्हणाला नाही. मी हंडा खाली ठेवला. येताना गाडीत मी मनातल्या मनात पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. चूक माझी, माफी करा, असं सुरू करायचं होतं. पण तिला तिथं मोकळी उभी पाहिली, दंडावर पदर नाही, आणि मला एकदम फुगल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "वहिनी, पुस्तक कुठूनबी उघडलं असंल, पण माझी गोष्ट ऐकून तुमी त्या घरातून निघाल्या ना. माझ्या हातून एवढं तरी एक चांगलं झालं."

वहिनीनं हंडा उचलला, उन्हात धरून सगळीकडून फिरवून पाहिला. मग बुडाजवळच्या चेंबलेल्या जागेवर बोट फिरवलं.

"कोनती गोष्ट?" ती म्हणाली. "भाऊजी, घरी तुमचे दादा मले रातचा डोळा लागू देत नव्हते. जेवनाच्या सुट्टीत मी धोकट्यांमागं झोपायची. तुमी तोंड उघडलं का मले गाढ झोप लागे. तुमच्या हातून झालं ते एवढंच, हा माझा हंडा चेंबला."